बाळू आणि बढती

माणसाच्या स्वभावावरून तो कुठला प्राणी पाळणार हे ओळखता येतं, असं म्हणतात. माझ्या बाबतीत उलटं झालं. प्राणी आधी घरात आला आणि माझा स्वभाव कसा आहे ते त्यानं सावकाश, चांगली दोन वर्षं घेऊन मला दाखवून दिलं.

तसे आम्ही प्राणी पाळणाऱ्यांपैकी नव्हे. कुत्रं पाळावं तर तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून दोनदा त्याला खाली कोण नेणार? मांजर पाळावं तर आईचं सोवळं आड येतं. आपल्याकडचा देशी पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे चिरंजीव अकरावीत असताना एक दिवस, "बाबा, मी ॲक्सोलॉटल आणू का?" असं म्हणाले तेव्हा ते एखाद्या गणकयंत्राचं नाव असावं अशा समजुतीनं मी, "अभ्यासाला लागत असेल तर आण," असं म्हणून मोकळा झालो. बँकेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसानं न वाचता सही करू नये. मी केली.

आधी नुसती टाकी आली. अडीच फूट लांब, शंभर लिटरची. ती हॉलमधल्या कडप्प्याच्या ओट्यावर चढवली, पाण्यानं भरली, फिल्टर लावला, आणि मग पाच आठवडे तिच्यात काहीही आलं नाही. नुसतं पाणी बुडबुडत होतं. येणारे-जाणारे टाकीसमोर उभे राहून आत डोकावत आणि चेहरा पडेल ठेवून परत फिरत. शेवटी आईनं एकदा हळूच विचारलं, "अरे, सगळे मासे गेले का रे?"

मग चिनूनं मला पाण्यातला कारभार समजावून दिला. प्राणी पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि अमोनिया म्हणजे विष. पण टाकीत हळूहळू एक जातीचे जिवाणू वस्तीला येतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइट हेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, ते आठवड्याला पाव टाकी पाणी बदलून आपण बाहेर काढायचं. एवढा सगळा स्टाफ कामावर रुजू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. मी म्हटलं, "अरे, ही तर आमची शाखाच आहे! एकानं व्हाउचर करायचं, दुसऱ्यानं तपासायचं आणि उरलेली भानगड आठवड्यानं हेड ऑफिसला पाठवून द्यायची." चिनू म्हणाला, "फरक एवढाच बाबा, की इथे स्टाफ चोवीस तास काम करतो."

सहाव्या आठवड्यात प्राणी आला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन लाल कल्ले, काळेभोर मण्यांसारखे डोळे, त्यांना पापण्या नाहीत. आणि तोंडावर हसू. हे हसू म्हणजे निव्वळ जबड्याची ठेवण आहे, आनंदाशी तिचा काही संबंध नाही, हे मला चिनूनं बजावून सांगितलं. पण काउंटरवर इतकी वर्षं बसल्यानं मला त्याची जरूर नव्हती. आईनं चष्मा पुसून टाकीत पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर बाळ आहे अजून!" तेव्हापासून त्याचं नाव बाळू पडलं.

आई बोलली ते शास्त्राला धरून होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ॲक्सोलॉटल हा सॅलॅमँडरच्या कुळातला. ह्या कुळातली पुष्कळ पिल्लं पाण्यात वाढतात, मग कल्ले गळतात आणि ती जमिनीवर येतात, बेडकाच्या पिल्लांसारखी. हा मात्र तसं करत नाही. कल्ले तसेच ठेवतो, पाणी सोडत नाही, पिल्लाच्याच रूपात फूटभर वाढतो, त्याच रूपात संसार करतो आणि नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो.

"म्हणजे कसं बाबा," चिनू आपल्या ओघात म्हणाला, "वरची पोस्ट आहे, पण हा घेतच नाही. प्रमोशन नाकारलेला प्राणी. तुमच्यासारखा."

हॉलमध्ये थोडा वेळ फक्त फिल्टरचा आवाज येत राहिला. मग आमच्या हिनं, "चहा टाकू का?" असं विचारलं. संध्याकाळचे साडेआठ वाजले होते.

आता बँकेबाहेरच्या लोकांसाठी सांगायला हवं. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. पाटी बदलली, खुर्ची तीच आहे. ह्या खुर्चीतून अधिकारी होण्याची परीक्षा असते, आणि अधिकारी झालं की बदली होते. पहिल्यांदा परिपत्रक आलं तेव्हा चिनू तीन वर्षांचा होता. मी म्हणालो, "पोर लहान आहे." दुसऱ्यांदा आलं तेव्हा तो आठवीत होता. मी म्हणालो, "त्याची शाळा आहे, आणि आईचे गुडघे." माझ्याबरोबर लागलेले दोघे आता मुख्य व्यवस्थापक आहेत. ते शाखेत आले की मी उठून उभा राहतो आणि ते मला बस म्हणतात. मुलासाठी बढती सोडलेला बाप, अशी आमच्या नातेवाइकांत माझी कीर्ती आहे. ती मी कधी खोडून काढली नाही.

तेव्हा चिनूच्या त्या वाक्यानंतर मी बाळूच्या खानदानाची माहिती काढायला लागलो. ती बरी निघाली. ह्याचं मूळ गाव मेक्सिकोत, मेक्सिको शहराच्या कुशीतलं सोचिमिल्को. तिथल्या ॲझ्टेक लोकांची अशी कथा आहे, की शोलोटल नावाच्या देवाला यज्ञात बळी द्यायचं ठरलं तेव्हा तो पळाला. आधी मक्याचं रोप झाला, मग घायपाताच्या जातीचं झाड झाला, आणि शेवटी पाण्यात उडी मारून ॲक्सोलॉटल झाला. म्हणजे जबाबदारी टाळण्याची ह्यांची परंपरा दैवी आहे.

पुढे १८६४ साली सहा ॲक्सोलॉटल पॅरिसला द्युमेरिल नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाकडे आले. त्यांना पिल्लं झाली, आणि दुसऱ्या वर्षी त्यांतली काही पिल्लं अचानक कल्ले टाकून जमिनीवरचे सॅलॅमँडर झाली. सगळं पॅरिस चकित. तोवर हा मोठा प्राणी आहे असंच बरेच जण धरून चालले होते. नंतर शोध लागला, की आयोडीन किंवा थायरॉइडचं औषध देऊन ह्याला जबरदस्तीनं मोठं करता येतं. पण तसं केलेले प्राणी सहसा फार जगत नाहीत. हे वाक्य मी हिला दोनदा वाचून दाखवलं.

त्याच्या गावाची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. तिथली तळी बुजवून शहर वाढलं. सोचिमिल्कोचे फक्त कालवे उरले. त्यात लोकांना मासे खायला मिळावेत म्हणून कार्प आणि तिलापिया सोडले. आपल्याकडे उजनीच्या पाण्यात ज्याला चिलापी म्हणतात तोच हा. त्यांनी ॲक्सोलॉटलची अंडी-पिल्लं फस्त केली. १९९८ च्या पाहणीत तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते. २०१४ मध्ये ३६. जगभर काचेच्या टाक्यांत लाखांनी आहेत आणि स्वतःच्या घरात नामशेष व्हायच्या बेतात. २०२१ साली मेक्सिकोनं पन्नास पेसोची नवी नोट काढली, तिच्यावर ह्याचंच चित्र आहे. नोट इतकी देखणी, की लोक खर्च न करता घरात जपून ठेवतात. मी आयुष्यभर नोटा मोजल्या, पण बढती न घेता थेट नोटेवर जाऊन बसलेला दुसरा कोणी पाहिला नाही.

बाळूला सांभाळणं अवघड नाही, फक्त त्याचे नियम आहेत आणि ते आपल्या सोयीनं वाकत नाहीत. टाकीच्या तळाला खडे घालायचे नाहीत. हा तोंड उघडून भक्ष्य आत ओढतो, त्याबरोबर खडाही जातो आणि पोटात अडकतो. बारीक वाळू घालावी नाहीतर तळ उघडा ठेवावा. प्रखर दिवा नको, कारण पापण्या नाहीत. पाण्याला ओढ नको. सोबतीला मासे नकोत, ते त्याचे कल्ले कुरतडतात. नळाचं पाणी क्लोरीन मारल्याशिवाय घालायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पाणी थंड हवं, १६ ते १८ अंश. २० पर्यंत चालतं, २४ च्या वर त्याच्या जिवावर येतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. म्हणून टाकीला पाणी थंड करणारं यंत्र बसवलं. त्याला किती पैसे पडले ते मी हिला अजून सांगितलेलं नाही. हिनं विचारलेलंही नाही. ह्यालाच संसार म्हणतात.

खायला गांडुळं. आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे, म्हटलं फुकटात काम झालं. पण त्यातली लाल गांडुळं बाळूनं तोंडात घेतली आणि तत्काळ थुंकली. त्यांच्या अंगातून कडू रस सुटतो म्हणे. मग साधी मातीतली गांडुळं मिळवली आणि ती श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, मातीसकट फ्रिजच्या तळाशी ठेवली. डब्यावर मी "श्रीखंड नाही" अशी चिठ्ठी लावली होती. अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात श्रीखंड नक्की असणार, असं आमच्या साडूंना वाटलं. त्यानंतर ते आमच्याकडे आले की फक्त पाणी घेतात, तेही बाटलीतलं, घरून आणलेलं.

कागदपत्रांचं मात्र मीच पाहिलं. हा प्राणी साइटीसच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. २०२२ साली आपल्या वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नियम आले. असा जिवंत प्राणी घरात असेल तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. चिनू म्हणाला, "कोण करतंय, बाबा!" मी म्हणालो, "आपण करतोय." बाळूचं केवायसी मी एका बैठकीत पूर्ण केलं.

बारावीनंतर चिनू इंजिनिअरिंगला नागपूरला गेला. निघताना तो आईच्या पाया पडला, हिच्या गळ्यात पडला आणि माझ्या हातात पाण्याच्या तपासणीची पेटी दिली. म्हणाला, "बाबा, बाळूला सांभाळा." तुम्ही सांभाळून राहा, असं काही म्हणाला नाही. मुलगे बापाला एवढंच म्हणतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शनिवारी दुपारी ते थंड करणारं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीवाला म्हणाला, सुटा भाग बाहेरून यायचाय, दहा दिवस लागतील. रविवारी रात्री पाणी २६ वर होतं. बाळूचे कल्ले पुढे वळले, शेपटीचं टोक गुंडाळलं गेलं. गांडूळ समोर धरलं तर तोंड फिरवलं. मंगळवारी सकाळी कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. बुरशी. ह्या प्राण्याचा पाय तुटला तर नवा उगवतो, शेपटी उगवते, काळजाचा तुकडासुद्धा भरून येतो. पण पुण्याचा उन्हाळा त्याला सोसत नाही.

अशा प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी पाणी थंड करा, बाकीचं नंतर. चिनूची सेमिस्टरची परीक्षा चालू होती, त्याला कळवायचं नाही असं ठरलं. मी बँकेत रजेचा अर्ज टाकला. कारण म्हणून "घरात आजारपण" असं लिहिलं. व्यवस्थापकांनी सहानुभूतीनं विचारलं, "आई?" मी म्हणालो, "नाही, बाळ." ते गोंधळले, पण रजा मिळाली.

बाळूला टाकीतून काढून टबात ठेवलं. टब न्हाणीघरात, घरातल्या सगळ्यांत गार जागी. रोज सगळं पाणी बदलायचं, क्लोरीन मारलेलं, त्याच तापमानाचं. सरबताच्या बाटल्यांत पाणी गोठवून एक टबात, तीन फ्रीजरमध्ये, दर चार तासांनी पाळी बदलायची. एकदम गार नाही करायचं, त्याचाही धक्का बसतो. शिवाय दिवसातून दोनदा मिठाच्या पाण्याची आंघोळ, लिटरला दोन चहाचे चमचे, दहा मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. मीठ आयोडीन नसलेलं घ्यावं असा जाणकारांचा सल्ला. एवढ्याशा आयोडीननं काही होत नसावं, पण बाळूला आजारपणात बढती मिळायला नको. तसं मीठ कुठून आणायचं ह्या विचारात मी असताना आईनं देवघरातून आपल्या एकादशीच्या सैंधवाचा डबा पुढे केला. सोवळ्यातला डबा. "घे," म्हणाली, "ह्या पंधरवड्याला मी अळणी खाईन."

मी एक वही घातली. तारीख, वेळ, तापमान, अमोनिया, नायट्राइट, शेरा. पहाटे पाचला, दुपारी दोनला, रात्री दहाला नोंद. परीक्षानळीत थेंब टाकून रंग पाहायचा. पिवळा असला तर अमोनिया शून्य, हिरवा झाला तर वाईट. ही उजेडात नळी धरून म्हणायची, "पोपटी आहे." मी म्हणायचो, "लिंबू कलर आहे." साड्यांच्या दुकानात तिचं खरं ठरतं, इथेही तिचंच ठरलं, आणि बरं झालं, कारण पोपटी दिसला की त्याच क्षणी पाणी बदललं जायचं.

मध्येच चिनूचा व्हिडिओ कॉल आला. "बाळू दाखवा ना." ही म्हणाली, "झोपलाय रे." पलीकडे क्षणभर शांतता. "आई, त्याला पापण्या नाहीत. झोपलाय हे कसं कळलं?" मी फोन घेतला आणि नेटवर्क गेल्यासारखा चेहरा करून स्थिर उभा राहिलो. 

सातव्या दिवशी पुंजके गळून पडले. कल्ल्यांचे तुरे झडले होते, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. नवव्या दिवशी पहाटे गांडूळ पुढे धरलं. बाळूनं ते खूप वेळ पाहिलं. मग एकदम पाणी ओढल्याचा आवाज झाला आणि गांडूळ नाहीसं. मी हिला उठवलं. ही उठून न्हाणीघरात आली, आईसुद्धा काठी टेकत आली, आणि आम्ही तिघंजण पहाटे सव्वापाच वाजता टबाभोवती उभे राहून त्या बाळाचं तोंड पाहत होतो. ते नेहमीसारखंच हसत होतं. जबड्याची ठेवण, दुसरं काय!

मेमध्ये चिनू आला. तोवर यंत्र दुरुस्त झालं होतं, बाळू टाकीत होता, कल्ल्यांना नवे तुरे फुटत होते. चिनूनं पाहताक्षणी विचारलं, "बाबा, काय झालं होतं?" मी वही दिली. तो ती ओट्याला टेकून उभ्या उभ्या वाचत राहिला. वीस पानं. एकही रकाना रिकामा नव्हता. शेवटी म्हणाला, "पहाटे पाचची एकही चुकवली नाहीत तुम्ही." मी म्हणालो, "कारकुनाला तेवढंच येतं." बोलताना मला वाटलं होतं त्यापेक्षा ते कडू लागलं.

त्याच आठवड्यात बढतीचं परिपत्रक आलं होतं. रात्री जेवताना हिनं विषय काढला. मी म्हणालो, "आता कसं जमणार? बाळूचं कोण बघेल?" हिनं पोळी वाढता वाढता हात थांबवला. "आधी चिनू, मग आई, आता बाळू. तुमच्या बदलीच्या आड येणारे सगळे आम्हीच का हो?"

मी चिनूकडे पाहिलं. तो मान खाली घालून भात कालवत होता. अशी मान त्यानं हा विषय निघाला की दर वेळी घातलेली असते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. दर वेळी म्हणजे तो आठवीत असल्यापासून.

मग मी खरं ते सांगितलं. म्हणालो, "चिनू, मी तुझ्यासाठी बढती सोडली नाही. आजीसाठीही नाही. तुम्ही नसता तरी मी फॉर्म भरला नसता. मला माझं काउंटर आवडतं. पेन्शनवाल्या आजींना पासबुक भरून द्यायला आवडतं. संध्याकाळी हिशेब पैशाला जुळला की बरं वाटतं, आणि साडेसहाला घरी यायला त्याहून बरं वाटतं. मला भीती वाटत होती की हे ऐकून लोक हसतील. म्हणून तुझं नाव पुढे केलं."

चिनू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, हे आधी सांगायचंत ना. मला वाटायचं तुमचं सगळं माझ्यामुळे अडलं. म्हणून तर मी लांबचं कॉलेज घेतलं. म्हटलं, निदान आता तरी तुम्ही सुटाल."

पुण्यात मिळत असलेली जागा सोडून हा नागपूरला का गेला, ह्याचं कारण मला वर्षभर कळलं नव्हतं. माझी एक खोटी नोंद इतकी वर्षं खात्यात होती आणि व्याज मुलगा भरत होता.

आई म्हणाली, "भात निवतोय." सगळे जेवायला लागलो.

जेवण झाल्यावर चिनूनं फ्रिजमधून श्रीखंडाचा डबा काढला, चिमट्यात एक गांडूळ धरलं आणि टाकीत सोडलं. बाळूनं ते पाहिलं आणि गिळलं. चिनूनं वही उघडली, पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "आज तू लिही." त्यानं लिहिलं ते अजून वहीत आहे. अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, पण नोंद चोख आहे:

रात्री दहा. तापमान १७. अमोनिया शून्य. नायट्राइट शून्य. एक गांडूळ खाल्लं. शेरा: सगळे ठीक.